वकिलातीचें दार आणि घराचें दार

वाट पाहणें हें संसारी माणसाला नवीन नाहीं. शेतकरी पावसाची वाट पाहतो, विद्यार्थी निकालाची पाहतो, आई मुलाच्या पत्राची पाहते. परंतु ह्या सर्व प्रकारांस कांहीं तरी माप असतें. मृगानें दगा दिला तर आर्द्रेकडे डोळे लावतां येतात. आजच्या टपालांत पत्र नसलें तर उद्यांचें टपाल आहेच. ज्याला असें कोणतेंच माप नाहीं, असें वाट पाहणें आपल्यापैकीं पुष्कळ घरांच्या वाट्यास २०२० सालीं आलें. त्या वर्षीं महामारीमुळें परदेशांच्या वकिलाती बंद झाल्या, आणि ज्या घरांतील माणसें कायमच्या वास्तव्यासाठीं अमेरिकेस जावयाचीं होतीं, तेथें बांधलेलीं गांठोडीं बांधलेलींच राहिलीं. कोठें कांहीं महिने, कोठें वर्षभर, कोठें त्याहूनहि अधिक.

ह्या विषयावर घराघरांतून फारसें बोललें गेलें नाहीं, आणि त्याचें कारण उघड आहे. शेजारीं प्राणवायूच्या नळकांड्यासाठीं धांवाधांव चालली असतां, 'आमच्या सुनेचा व्हिसा अडला' असें बोलून दाखविणें कोणासहि प्रशस्त वाटेना. मोठ्या दुःखापुढें लहान दुःखानें गप्प बसावें ही आपली रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. तथापि गप्प बसलेलें दुःख म्हणजे संपलेलें दुःख नव्हे. आतां त्या गोष्टीस कांहीं वर्षें लोटलीं आहेत. तेव्हां त्या काळांत आपल्या घरांनीं काय सोसलें, कोठें तीं चुकलीं आणि कोठें सांवरलीं, ह्याचा जमाखर्च शांतपणें मांडावयास हरकत नाहीं. अशी अडवणूक पुढेंहि कोणत्या ना कोणत्या निमित्तानें येऊं शकते, म्हणून तो मांडणें अवश्यहि आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'व्हिसा' हा शब्द मूळचा लॅटिन. 'पाहिलेला कागद' असा त्याचा अर्थ. ज्या लॅटिन धातूपासून तो निघाला, त्याचें आणि आपल्या 'विद्' धातूचें कूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे वेद, विद्या आणि व्हिसा हीं दूरचीं कां होईना, भावंडें ठरतात. ही केवळ गंमत नव्हे. व्हिसाच्या कामांत 'पाहणें' हीच मुख्य क्रिया आहे. कायमच्या वास्तव्याचा व्हिसा मागणाऱ्यानें वकिलातींतील अधिकाऱ्यापुढें स्वतः उभें रहावें, बोटांचे ठसे द्यावे आणि अर्जांतील मजकूर खरा असल्याची शपथ घ्यावी, अशी अमेरिकेची पद्धत आहे. टपालानें कागद धाडून हें काम उरकत नाहीं. आणि माणसानें माणसासमोर उभें राहणें हेंच तर महामारीनें निषिद्ध करून टाकलें होतें. साऱ्या अडचणीचें मूळ ह्या एका गोष्टींत होतें.

पूर्वीं हें नव्हतें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें निघून अमेरिकेस गेल्या, त्या काळीं अशा व्हिसाची पद्धतच पडलेली नव्हती. पुढें १९१७ च्या कायद्यानें अमेरिकेनें हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस बंदी केली. १९२४ च्या कायद्यानें, येऊं इच्छिणाऱ्यांनीं आपआपल्या देशांतील अमेरिकन वकिलातीकडून आधीं व्हिसा घ्यावा, अशी व्यवस्था बसली. १९४६ सालीं आपल्यावरची बंदी उठली, पण ती वर्षाला अवघ्या १०० माणसांपुरती. १९६५ च्या कायद्यानंतर मात्र आप्तसंबंध हा प्रवेशाचा मोठा आधार झाला. आज पुण्या-मुंबईंतच काय, सांगली-मिरजेकडेहि ज्या घराची एखादी शाखा तिकडे नाहीं असें घर विरळा, त्याच्या मुळाशीं तो कायदा आहे.

ह्या कायद्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. कारण त्या दोन वर्षांत एकाच आळींतील दोन घरांस निरनिराळा न्याय कां मिळाला, ह्याचें उत्तर तींत आहे. अमेरिकेचा जो नागरिक झाला, त्याची पत्नी किंवा पति, एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्यें आणि आईवडील ह्यांना संख्येची मर्यादा नाहीं. नागरिकाचीं विवाहित मुलें, त्याचे भाऊबहीण, तसेंच जो अद्याप नागरिक नाहीं पण ग्रीन कार्डावर कायमचा रहिवासी आहे त्याची पत्नी व मुलें, ह्या सर्वांस वार्षिक संख्या ठरलेली आहे, आणि अर्जाच्या तारखेप्रमाणें त्यांची रांग लागते. भारतांतील भावाबहिणींची रांग पंधरा वर्षांहून लांब झालेली आहे. पाळी जवळ आली म्हणजे न्यू हॅम्पशायर संस्थानांतील पोर्ट्समथ येथील राष्ट्रीय व्हिसा-केंद्र कागदपत्रें, फी आणि उत्पन्नाचें हमीपत्र गोळा करतें. कागद पुरे झाले कीं मुलाखतीची तारीख मिळते. आपल्याकडील लोकांस त्यासाठीं मुंबईस, वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातींत, जावें लागतें. त्यापूर्वीं नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावयाची असते. इतक्या पायऱ्या चढून गेलेला मनुष्य शेवटच्या पायरीवर पोंचला असतां दार लागलें. ही २०२० ची हकीकत.

वास्तविक तेव्हां एक नव्हे, तीन दारें लागलीं होतीं, आणि पुष्कळांचा गोंधळ तीं तिन्ही एकच समजल्यामुळें झाला. पहिलें दार वकिलातीचें. २० मार्च २०२० रोजीं अमेरिकेनें जगभरच्या आपल्या वकिलातींतील नेहमींचें व्हिसाचें काम थांबविलें. दुसरें दार विमानाचें. त्याच आठवड्यांत भारतानें आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानें बंद केलीं आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मे महिन्यापासून 'वंदे भारत' योजनेचीं विमानें उडूं लागलीं, पुढें कांहीं देशांशीं करार होऊन मर्यादित येजा सुरू झाली. परंतु ठरलेल्या वेळापत्रकाचीं विमानें पूर्ववत् सुरू होण्यास २७ मार्च २०२२ उजाडला. तिसरें दार जाहीरनाम्याचें. २२ एप्रिल २०२० रोजीं अध्यक्ष ट्रम्प ह्यांनीं, तेथील बेकारीचें कारण देऊन, कायमच्या वास्तव्यासाठीं येणाऱ्या पुष्कळ वर्गांचा प्रवेश साठ दिवसांपुरता रोखला. नागरिकाच्या पत्नीस, पतीस आणि एकवीस वर्षांखालील मुलांस त्यांतून सूट होती. नागरिकाच्या आईवडिलांस नव्हती. ग्रीन कार्डवाल्याच्या पत्नीसहि नव्हती. त्या साठ दिवसांचे पुढें आठ महिने झाले, आणि डिसेंबरांत आणखी तीन महिन्यांची भर पडली. अखेर २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं अध्यक्ष बायडन ह्यांनीं तो जाहीरनामा रद्द केला.

म्हणजे जुलै २०२० पासून वकिलाती टप्प्याटप्प्यानें उघडूं लागल्या, तरी नागरिकाच्या आईला त्याचा उपयोग नव्हता, कारण तिच्यापुढें तिसरें दार बंदच होतें. तिसरें उघडलें, तों आपल्याकडे दुसरी लाट आली, आणि मे २०२१ मध्यें भारतांतील व्हिसाचें काम पुनः आखडलें. त्याच सुमारास, ३० एप्रिल २०२१ रोजीं, तुंबलेल्या प्रकरणांचा क्रम अमेरिकेनें जाहीर केला: दत्तक मुलें व वयोमर्यादा ओलांडूं पाहणारीं मुलें आधीं, नागरिकांचे निकटचे आप्त व वाग्दत्त वधूवर त्यानंतर, रांगेंतले आप्त त्याहून मागें, आणि नोकरीच्या आधारें येणारे बहुतेक लोक शेवटीं. तुंबलेलें काम तरी किती? २०१९ सालीं कागद पुरे होऊन मुलाखतीची वाट पाहणारे दरमहा सरासरी साठ हजारांच्या आसपास असत. २०२१ च्या आरंभीं ती संख्या पावणेपांच लाखांच्या घरांत गेली.

ह्यांत आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कोणाच्या लक्षांत आली नाहीं. रांगेंतल्या आप्तांस दर सरकारी वर्षीं जे ठराविक व्हिसा मिळावयाचे, ते त्या वर्षांत वांटलेच गेले नाहींत, तर पुढल्या वर्षीं त्यांनाच मिळतात असें नाहीं. कायद्याप्रमाणें ते नोकरीच्या आधारें अर्ज केलेल्यांच्या खात्यांत जमा होतात. सप्टेंबर २०२० अखेर संपलेल्या वर्षांतले असे सुमारें १ लाख २२ हजार व्हिसा दुसऱ्या खात्यांत गेले; त्यामुळें एरव्हीं १ लाख ४० हजारांची ती मर्यादा पुढल्या वर्षीं २ लाख ६२ हजारांवर पोंचली. त्याचा लाभ तिकडे आधींच राहून नोकरी करणाऱ्या कित्येक भारतीय तरुणांस झाला. एकाच कुटुंबांत धाकट्याला लवकर कार्ड मिळालें आणि थोरल्या बहिणीची रांग तेथेंच थबकली, असेंहि होऊं शकलें. ह्यांत धाकट्याचा अपराध नाहीं, हें थोरलीनें ध्यानांत ठेवावें. आणि आपल्याला मिळालेलें कोणाच्या पानांतून आलें, हें धाकट्यानेंहि विसरूं नये.

ही झाली बाहेरची हकीकत. आतां घरांत येऊं.

शाळेंत व्याकरण शिकवितांना आम्ही मुलांस विचारीत असूं, 'वाक्यांतला कर्ता कोण?' त्या दोन वर्षांत लोकांस जीं पत्रें आलीं, त्यांना हा प्रश्न विचारून पहावा. 'मुलाखत रद्द करण्यांत आली आहे.' 'प्रकरण प्रलंबित ठेवण्यांत आलें आहे.' 'तारीख यथावकाश कळविण्यांत येईल.' रद्द केली कोणीं, ठेवलें कोणीं, कळविणार कोण? कर्ता अध्याहृत. ह्यांत कोणाचा दुष्टावा होता असें आम्ही म्हणत नाहीं. साथीच्या दिवसांत कचेरीनें काम थांबविलें तर तिला बोल लावतां येत नाहीं. परंतु दोष द्यावयास कोणी नसणें हीच ह्या दुःखाची मोठी अडचण. रागावयास माणूस नसलें म्हणजे राग घरांत फिरूं लागतो. मुलगा सुनेवर चिडतो, सासू व्याह्यांना बोलते, आणि कागद भरणाऱ्या जांवयाकडे सगळें घर संशयानें पाहूं लागतें.

त्याहूनहि वाईट हें कीं, कचेरीचें व्याकरण घराला लागतें. घराचा रंग पुढें ढकलला जातो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली जाते. नोकरी धरली जात नाहीं. कोणी ठरविलें म्हणून नव्हे. 'कोणत्याहि दिवशीं तारीख येईल' एवढ्या एका वाक्यावर सगळें घर कर्त्यावांचून चालूं लागतें.

आमच्या परिचयाच्या एका घरची गोष्ट सांगतों. मुलगा तिकडे ग्रीन कार्डावर. २०१९ च्या मार्गशीर्षांत लग्न करून तीन आठवड्यांत परत गेला. सून इकडे सासरीं राहिली. मुलगी पदवीधर, गणितांत हुषार. लग्नापूर्वीं एका शाळेंत शिकवीत होती, ती नोकरी तिनें सोडली होती. घरचीं माणसें सालस. सासूनें तिला स्वयंपाकघरांत राबविलें नाहीं, उलट 'तूं आतां जावयाचीसच, कशाला हात खराब करतेस' असें म्हणून प्रत्येक कामांतून दूर ठेवलें. माहेरीं गेली तर तेथें 'आतां तूं त्यांची' असें म्हणत. पहिली मंगळागौर टाळेबंदींत झाली. वशेळ्यांच्या जागीं पडद्यावर चार चेहरे. दिवाळसण तसाच. शाळेनें तिला संगणकावरून शिकविण्याचें काम देऊं केलें, तें सासूसासऱ्यांनीं नाकारावयास लाविलें, कारण मध्येंच तारीख आली तर मुलांचें वर्ष बुडेल. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें; पण तारीख आली नाहीं. असे चवदा महिने गेले. एके दिवशीं जेवतांना ती शांतपणें म्हणाली, "बाबा, मी इथें राहतें कीं इथून जातें, एवढें एकदां ठरवा. दोन्ही मला करतां येईल. मधलें मला येत नाहीं."

सासरे कांहीं वेळ बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं ते स्वतः तिच्याबरोबर शाळेंत गेले आणि मुख्याध्यापकांना सर्व परिस्थिति उघड सांगितली: ही केव्हां जाईल हें आम्हांस ठाऊक नाहीं, पण महिनाभर आधीं कळविल्यावांचून जाणार नाहीं. मुख्याध्यापकांना तेवढें पुरलें. पहिला पगार तिनें सासूच्या हातीं आणून दिला, तेव्हां सासूनें तो तिच्याच नांवावर बँकेंत ठेवावयास लाविलें. मुलाखत झाली ती त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं. परंतु घरांतला ताण उतरला तो मुलाखतीमुळें नव्हे. आम्हांस तीं सासूसासरे दोघेंहि मोठीं वाटतात. प्रेमानें दिलेली पाहुणचाराची पायरी काढून घेऊन त्यांनीं तिला घरांतली जागा दिली.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. नागरिक झालेल्या मुलानें आईवडिलांसाठीं अर्ज केले होते. अशा प्रकरणीं दोघांचा मिळून एक अर्ज चालत नाहीं. आईचा निराळा, वडिलांचा निराळा. दोघांचे कागद पुरे झाले आणि वकिलात बंद झाली. मग जाहीरनामा आला. तो उठला, आणि दुसऱ्या लाटेंत एप्रिल २०२१ मध्यें वडील गेले. पुढें मुलाखतीचीं पत्रें आलीं तीं दोन आलीं. आईनें दोन्ही देवापुढें ठेवलीं. मुलाचा तिकडून आग्रह, 'आतां एक दिवस थांबूं नकोस.' शेजाऱ्यांचें मत, 'एकटीनें इथें काय करायचें?' तिनें सगळ्यांचें ऐकून घेतलें आणि सांगितलें, "ह्यांचें वर्षश्राद्ध इथें होऊं दे. मग मी येईन." मुलाखतीची तारीख बदलून मागतां येते, तशी तिनें मागून घेतली. दोन वर्षांत त्या घरांतल्या माणसानें स्वतः ठरविलेली ती पहिली तारीख होती. ती पुढें गेली, आणि आज नातवंडांत आहे. तिनें त्या वेळीं मुलाच्या घाईप्रमाणें वागावयास हवें होतें असें कोणी म्हणूं शकेल. आम्हांस तसें वाटत नाहीं.

आतां, अशी वेळ पुनः आली तर घरानें काय करावें, ह्याविषयीं चार शब्द.

पहिलें हें कीं, कागदांचें पंचांग आणि घराचें पंचांग हीं निराळीं ठेवावीं. कागदांसाठीं एक वही करावी, आणि तींत प्रत्येक कागद केव्हां शिळा होतो हें लिहावें. पासपोर्टाला मुदत आहे, पोलिसांच्या दाखल्याला मुदत आहे, हमीपत्रासोबतचे कराचे कागद दरवर्षीं नवे लागतात. डॉक्टरी तपासणी साधारणतः सहा महिने चालते आणि व्हिसाहि बहुधा तेवढ्याच दिवसांचा मिळतो; म्हणून तारीख हातीं आल्यावांचून तपासणीची घाई करूं नये. घरांत एकवीस वर्षांकडे झुकलेलें मूल असेल, तर त्याचा जन्मदिवस वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. २००२ च्या कायद्यानें, विनंतिअर्ज कचेरींत पडून राहिलेले दिवस कित्येक प्रकरणीं मुलाच्या वयांतून वजा धरतात. ती वजाबाकी जाणत्या वकिलाकडून वेळेवर करून घ्यावी आणि तसें वकिलातीस कळवावें. घरांतील वडील मंडळी ग्रीन कार्ड घेऊन इकडे आलीं असतील, तर त्यांच्या जाण्याचा दिवस लिहावा; वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परततां येत नाहीं, आणि आधीं परवाना घेतलेला नसेल तर 'परतणारा रहिवासी' म्हणून निराळा व्हिसा मागावा लागतो. महामारींत अनेक वृद्ध ह्याच कात्रींत सांपडले. परततां येईना, आणि तो व्हिसा देणारी कचेरीहि बंद.

दुसरें, कागदांचा कारभारी एकच असावा. सकाळीं काकांनीं, दुपारीं मामांनीं आणि रात्रीं जांवयानें निरनिराळ्या ठिकाणीं वाचून आलेली बातमी घरांत आणली, म्हणजे कोणतीच खरी वाटत नाहीं. वकिलातीचें अधिकृत निवेदन आठवड्यांतून एक दिवस ठरवून पहावें. रोज दहा वेळां पाहिल्यानें रांग पुढें सरकत नाहीं. 'आंतून काम करून देतों' म्हणणाऱ्यास दारांतूनच परत लावावें. खरोखर निकड असेल, जसें गंभीर आजारपण किंवा मुलाचें वय, तर लौकर मुलाखतीची विनंती करण्याची रीतसर वाट आहे. डॉक्टरचें पत्र जोडून ती करावी, आणि नसलेली निकड मात्र लिहूं नये.

तिसरें, व्हिसा हातीं पडेपर्यंत घर मोडूं नये. तिकीट काढूं नका, नोकरी सोडूं नका, मालमत्ता विकूं नका, असें वकिलाती स्वतःच नेहमीं बजावीत आलेल्या आहेत. तें वाक्य लोक वाचतात आणि पुढें जातात. २०२० च्या मार्च महिन्यांत ज्यांनीं भाड्याचें घर सोडलें होतें, गॅसची जोडणी परत केली होती आणि भांडीं वांटून टाकलीं होतीं, त्यांना टाळेबंदींत दुसऱ्यांच्या घरीं दिवस काढावे लागले. 'जावयाचें आहे' हा भविष्यकाळ आहे. त्याच्या भरंवशावर वर्तमानकाळ विकूं नये.

चौथें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, वाट पाहणाऱ्या माणसाला काम, पैसा आणि मत ह्या तीन गोष्टी घरांत असाव्या. वृद्ध असतील तर तीं जणूं येथेंच राहणार आहेत असें समजून औषधपाणी, शस्त्रक्रिया, सोबत आणि मृत्युपत्र ह्यांची व्यवस्था करावी. गेलीं तर ती व्यवस्था वायां जात नाहीं, आणि राहिलीं तर तीच कामास येते. सून असेल तर सासरीं रहावें कीं माहेरीं, हें तिलाच ठरवूं द्यावें. परदेशांतल्या मुलानें रोज फोनवर 'कांहीं कळलें कां?' हा प्रश्न विचारूं नये. कळलें असतें तर सांगितलें नसतें काय? त्याऐवजीं आज काय वाचलेंस, काय शिजविलेंस, कोण भेटलें, हें विचारावें. अडलेल्या माणसाचाहि रोजचा दिवस असतो. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं, वाचकहो, 'अजून नाहीं झालें?' हें वाक्य आपल्या तोंडून कायमचें काढून टाकावें. त्या दोन वर्षांत कचेरीच्या कोणत्याहि पत्रापेक्षां ह्या तीन शब्दांनीं जास्त मनें दुखावलीं आहेत.

संयुक्त कुटुंबाची ही एक परीक्षा होती असें आम्ही समजतों. आपल्या घरांना आलेल्या माणसाला सामावून घेण्याची संवय आहे आणि गेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याचीहि आहे. परंतु जें माणूस जावयाचें असून गेलेलें नाहीं, त्याला पंक्तींत कोठें बसवावें ह्याची रीत आपल्याकडे बसलेली नव्हती. ज्या घरांनीं ती त्या काळांत बसविली, त्यांनीं कोणताहि ग्रंथ वाचून बसविली नाहीं; समोरच्या माणसाकडे नीट पाहून बसविली. व्हिसा म्हणजे पाहिलेला कागद, हें वर सांगितलेंच आहे. कागद केव्हां पाहिला जाईल हें आपल्या हातीं नाहीं. माणसाकडे पाहणें हें मात्र घराच्या हातीं आहे; त्यासाठीं कोणाची तारीख घ्यावी लागत नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं आज अशी वही उघडलेली असेल, त्यांना लौकर यश येवो. तोंवर तिच्या शेवटच्या पानावर घरांतल्या त्या माणसानें ह्या महिन्यांत काय करावयाचें ठरविलें आहे, तें त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें, एवढें सुचवून हें लेखन येथेंच पुरें करतों.